‘शिरोळात पैशाला काय कमी?’

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्याचं नाव काढलं की हा प्रश्न हमखास येतो. कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा अशा चार नद्या, काळी रानं, नजर पोचेल तिथवर ऊस, शिरोळचा दत्त कारखाना, शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेली जयसिंगपूरची पेठ, यड्रावचे यंत्रमाग आणि नृसिंहवाडीला येणारी दत्तभक्तांची रीघ. तालुका सधन आहे, यात वाद नाही. पण याच तालुक्यातला किराणा दुकानदार, मोटार रिवाइंडिंगवाला किंवा खर्चीवाला (व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणणारा) यंत्रमागधारक उधारीत गळ्यापर्यंत बुडालेला असू शकतो. त्याच्याकडं गिऱ्हाईक असतं, कामही असतं. कामाचे पैसे मात्र वेळेवर येत नाहीत. छोट्या धंद्यांना मदत करायची म्हटलं की आपली चर्चा अनुदानापासून सुरू होते आणि अनुदानापाशीच थांबते, कारण दुखणं नेमकं कुठं आहे याबद्दलचेच काही समज चुकीचे आहेत.

‘ऊस आहे म्हणजे बाजारात पैसा आहे’

पैसा आहे, पण तो कधी येतो ते बघा. पावसाळ्याच्या तोंडाला लावलेला आडसाली ऊस कारखान्याला जातो सोळा-अठरा महिन्यांनी. खोडवा झाला तरी वर्ष जातं. एवढ्या काळात घराला किराणा लागतो, रानाला खत-औषध लागतं, नांगरटीला ट्रॅक्टर लागतो, मोटार जळते, मुलीचं लग्न निघतं. यातलं बरंचसं ‘बिल आल्यावर’ या बोलीवर चालतं. म्हणजे उसाच्या पिकात बँक आणि सोसायटीच्या जोडीला गावातल्या दुकानदाराचंही भांडवल अडकलेलं असतं, आणि बहुतेक वेळा बिनव्याजी.

म्हणून कारखान्याचं बिल उशिरा आलं की झळ एकट्या शेतकऱ्याला बसत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराची रक्कम, द्यायची असते. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागं ३,५५० रुपये होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये ही रक्कम दोन हप्त्यांत द्यायची मुभा कारखान्यांना दिली. त्याविरुद्ध शिरोळचेच शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. ही लढाई वर्तमानपत्रांत शेतकरी विरुद्ध कारखानदार अशीच रंगली. दुकानदाराची त्यात कुणी गणतीच केली नाही. वास्तविक शेतकऱ्याला १५ टक्के व्याज मागायचा हक्क तरी आहे, वहीवर उधारी लिहिणाऱ्याला तोही नाही. दराच्या मागणीसाठी जयसिंगपूरला भरणाऱ्या ऊस परिषदेला खताच्या आणि भुसाराच्या व्यापाऱ्यांनीही जाऊन बसावं असं मला वाटतं. दराचा प्रश्न शेतकऱ्याचा असेल, पण तारखेचा प्रश्न त्यांचाही आहे.

याच्या अगदी उलट चाल आहे दुधाची. कोल्हापूर जिल्ह्यात १९६३ साली ‘गोकुळ’ दूध संघ उभा राहिला आणि गावोगावच्या दूध संस्थांमधून दर दहा दिवसांनी बिल मिळायची सवय लागली. पशुखाद्याचे पैसे कापून उरलेली रक्कम उसाच्या बिलापुढं किरकोळ दिसते. पण ती महिन्यातून तीनदा येते, आणि पुष्कळ घरांत ती बाईच्या हातात पडते. तेल, चहापत्ती, वह्या-पुस्तकं, दवाखाना यांचा हिशेब दुधाच्या बिलावर चालतो. उसाच्या पैशातून घर बांधलं जातं, गाडी येते, सोनं होतं. ते पैसे सांगली-कोल्हापूरला जायला वेळ लागत नाही. गल्लीतल्या दुकानाला चालतं ठेवण्याच्या कामी म्हैस उसापेक्षा भरवशाची आहे.

‘गावातच खरेदी केली की पैसा गावात राहतो’

हे अर्धंच खरं आहे. बिस्किटाचा पुडा गावातल्या दुकानातून घेतला, तर दुकानदाराच्या आणि वितरकाच्या वाट्याचे थोडे पैसे जवळपास राहतात, बाकीचे कंपनीकडं जातात. तो पुडा मोबाइलवरून मागवला असता तर तेही गेले असते, एवढाच फरक.

आता नृसिंहवाडीतली बासुंदी घ्या. दूध आसपासच्या गावांतलं. साखर तर याच तालुक्यात तयार होते. कढईपाशी घाम गाळणारा माणूस इथला, दुकानही इथलंच. कंदी पेढ्याचं आणि कवठाच्या बर्फीचंही तेच. शिवाय ती विकत घेणारा शनिवारी, पौर्णिमेला किंवा दत्तजयंतीला पुण्या-मुंबईहून, सोलापूरहून, कर्नाटकातून आलेला असतो. त्याचे पैसे बाहेरून येतात, रोख येतात आणि गवळ्यापर्यंत झिरपतात. दुकान कुठं आहे यापेक्षा माल कुठं तयार झाला, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. यड्रावच्या मागावर विणलेल्या कापडाचं सूत बाहेरून येतं, कापड बाहेर जातं, आणि मागं उरते ती मजुरी. ती मजुरीसुद्धा वेळेवर आली तर.

यावरून किराणा दुकानाला नावं ठेवायचं कारण नाही. बिल येईपर्यंत थांबायची तयारी कुठलंही ॲप दाखवत नाही. पण ‘स्थानिक खरेदी करा’ अशी पाटी लावून भागत नाही, हे बचत गटांच्या प्रदर्शनात बाहेरून आणलेला माल पुन्हा पुड्यांत भरून विकताना पाहिला की पटतं.

‘सबसिडी म्हणजे हातात पडणारे पैसे’

या समजानं जितकी माणसं फसवली तितकी एजंटांनीही फसवली नसतील. किंबहुना एजंटांचा धंदा या समजावरच चालतो.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं उदाहरण घेऊ. उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत, सेवा-उद्योगासाठी २० लाखांपर्यंत प्रकल्प. ग्रामीण भागात खुल्या वर्गाला २५ टक्के आणि महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक अशांना ३५ टक्के अनुदान. शहरी भागात हेच आकडे १५ आणि २५ होतात. जयसिंगपूर, कुरुंदवाड आणि आता शिरोळही नगरपालिकेची गावं झाल्यानं जवळच्या धरणगुत्तीत शेड टाकलेल्याला जास्त टक्के आणि शिरोळ गावात टाकलेल्याला कमी, असं होऊ शकतं. अर्ज करण्याआधी जागा कुठल्या हद्दीत येते ते बघावं.

खरी गोम पुढं आहे. आधी स्वतःचे ५ किंवा १० टक्के घालायचे. उरलेल्याचं कर्ज बँकेनं मंजूर करायचं. अनुदानाची रक्कम येते ती कर्जदाराच्या नावानं तीन वर्षं ठेव म्हणून बँकेतच पडून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षं धंदा चालू राहिला, तपासणी झाली, की मग ती कर्जात जमा होते. मधेच शटर ओढलं तर संपूर्ण कर्ज अंगावर. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेतही ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, असाच कर्जाला जोडलेला हिशेब आहे. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, त्यावरून ‘फेडलं नाही तरी चालतं’ असा अर्थ काढणारेही भेटतात. ते बँकेचं कर्ज आहे, सरकारी देणगी नव्हे.

म्हणून माझं मत असं की ज्याचा धंदा अनुदानाशिवाय कागदावर बसत नाही, त्यानं तो अनुदानासाठी सुरू करू नये.

‘उद्यम नोंदणी केली की टॅक्सवाले मागं लागतात’

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, ती ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. त्यासाठी पाचशे-हजार घेणारा माणूस फक्त फॉर्म भरायचे पैसे घेत असतो. आधार आणि पॅन लागतं. धंदा जीएसटीच्या मर्यादेखाली असेल तर जीएसटी क्रमांक लागत नाही, आणि नोंदणी केली म्हणून नवा कर बसतही नाही.

आणि मिळतं काय? इथं यड्रावच्या पार्वती औद्योगिक वसाहतीतल्या किंवा लगतच्या इचलकरंजीतल्या खर्चीवाल्यांनी कान टवकारावेत. सूत व्यापाऱ्याचं, माग स्वतःचे, ‘पिका’वर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) मजुरी, असा ज्यांचा व्यवहार आहे त्यांची दुखरी नस म्हणजे मजुरीचं थकलेलं बिल. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही महिन्या-महिन्यानं चढणारं चक्रवाढ व्याज. तक्रार सुलभीकरण परिषदेकडं करता येते. परिषदेचा निकाल विरुद्ध गेलेल्या खरेदीदाराला न्यायालयात जायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. मात्र नोंदणी काम करण्याआधीची हवी. पैसे बुडाल्यावर केलेल्या नोंदणीच्या जोरावर जुनं बिल वसूल करायला गेलात तर समोरचा वकील पहिला आक्षेप तोच घेईल.

अर्थात तक्रार केली की पुढचं सूत दुसऱ्याच्या मागावर जाणार, हे कायद्यात लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मला २०२३ च्या अर्थसंकल्पानं आयकरात आणलेली तरतूद जास्त कामाची वाटते. अशा उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. इथं तक्रार कुणालाच करावी लागत नाही, व्यापाऱ्याचा सीएच मार्चअखेरीला त्याच्या मागं लागतो. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला म्हणजे झालं.

यात एक फट आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांचं संरक्षण त्यांना नाही. उसाच्या बिलाची वाट बघत बसलेला तो किराणावाला इथंही बाहेरच राहतो.

‘दुकानाचा विमा आगीचा, पुराला त्याचा काय उपयोग?’

या तालुक्यात हा गैरसमज सगळ्यात महागात पडलेला आहे. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर कुरुंदवाड, नृसिंहवाडी, शिरोळ, राजापूर, खिद्रापूर या पट्ट्यानं पाहिले. पाणी दुकानात आठ-आठ दिवस राहिलं. २०२१ साली सरकारनं दुकानदारांना ५० हजारांपर्यंत आणि टपरीवाल्यांना १० हजारांपर्यंत मदत जाहीर केली. ती खास निर्णय म्हणून होती. पुढच्या पुरात ती तशीच मिळेल याची हमी कुणी दिलेली नाही, आणि भिजलेल्या साड्यांचं, खताच्या पोत्यांचं, शिलाई यंत्रांचं नुकसान ५० हजारांत कुठलं भरून निघतंय.

१ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी विकावी लागते. एका जागेतली मालमत्ता, यंत्रं आणि माल मिळून ५ कोटींपर्यंत असेल तर ती लागू होते. तिच्यात आगीबरोबर भूकंप, वादळ आणि पूर हे मूळ संरक्षणातच आहेत, वेगळं कलम जोडून घ्यावं लागत नाही. मालाची किंमत थोडी कमी लिहिली गेली असेल तर १५ टक्क्यांपर्यंतच्या फरकासाठी दावा कापला जात नाही.

बँकेचं कर्ज असलेल्या अनेकांचा विमा बँकेनंच उतरवलेला असतो आणि त्याची प्रत त्यांनी कधी पाहिलेली नसते. ती मागून घ्यावी. विम्याची रक्कम कर्जाएवढी आहे की दुकानातल्या मालाएवढी, पत्ता जुन्या जागेचा तर नाही, मागच्या गोदामाचा उल्लेख आहे का, हे तपासावं. स्टॉक वही, खरेदीची बिलं आणि दुकानाचे फोटो मोबाइलमध्ये आणि पाहुण्यांच्या गावी अशा दोन ठिकाणी ठेवावेत, कारण सर्व्हेअर येतो तेव्हा वहीचा लगदा झालेला असतो. आणि हे सगळं मे महिन्यात करायचं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की वाडीतले दुकानदार माल माळ्यावर चढवायला लागतात, त्या दिवशी विमा कंपनीच्या दारात गेलं तर कोण उभं करणार?