पिळाचं गणित

पिकअपची केबिन आणि मागचा हौदा यांच्यामध्ये दोनेक बोटांची फट असते. गाडी धुणारा त्यातला चिखल उपसतो आणि विसरून जातो. मला या फटीचं वेड लागून बरीच वर्षं झाली. खडकाळ वाटेवर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी दगडावर चढलं, की केबिन एकीकडे कलते आणि हौदा दुसरीकडे. दोघांच्या वरच्या कडा एका रेषेत राहत नाहीत. खाली दोन लांब रेल आणि आडवे तुकडे जोडून केलेली चॅसी असते. तिला पीळ बसतो, आणि तो बसावा अशीच तिची रचना असते.

फोर्डने १९६१मध्ये ही फट बुजवून पाहिली. एफ-मालिकेच्या एका मॉडेलात केबिन आणि हौदा एकसंध केले. गाडी देखणी दिसायची. पण जड माल भरला की दारं अडकतात, नाहीतर आपोआप उघडतात, अशी तिची ख्याती झाली. १९६३मध्ये कंपनीने तो प्रयोग गुंडाळला आणि फट परत आली.

आता अशा पीळ बसणाऱ्या चॅसीवरचा हौदा काढायचा आणि तिथे बिछाना, ओटा, पाण्याची टाकी असलेली खोली बसवायची. अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलियात अशी फिरती घरं, म्हणजे कॅम्पर, बांधणं हा छंदही आहे आणि मोठा धंदाही. कॅम्पर बांधणारी मंडळी सोलर पॅनेल आणि लिथियम बॅटरीवर तासन्‌तास बोलतात. खोली चॅसीला जोडली कशी, हा विषय मात्र दोन वाक्यांत उरकतात. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. याचं कारण शोधत मागे जाताना मला भेटला तो क्रेन बनवणारा एक माणूस.

रुडॉल्फ ब्रेट. जन्म १८४२, मृत्यू १९००. जर्मनीत रूर नदीकाठच्या वेटर गावात त्याचा क्रेनचा कारखाना होता. क्रेनच्या तुळईवर भार मधोमध आला तर ती नुसती वाकते. एका अंगाला आला तर वाकते आणि पिळवटतेही. पिळाचा सिद्धान्त फ्रान्सच्या साँ-व्हनाँने १८५०च्या दशकातच मांडला होता, पण त्याचं गणित कारखान्यातल्या माणसाला पेलणारं नव्हतं. १८९६मध्ये ब्रेटने जर्मन अभियंता संघाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचं शीर्षक मराठीत ‘पिळाच्या लवचीकतेवर टीकात्मक टिपणं’ असं होईल. पातळ भिंतीची बंद नळी पिळाला किती विरोध करते, याचं दोन ओळींत मावणारं सूत्र त्यात होतं. आजही अभियांत्रिकीचे विद्यार्थी ते ब्रेटच्याच नावाने शिकतात. त्याच वर्षी कानश्टाटमध्ये डाइमलरने जगातला पहिला मोटार ट्रक विकला. क्रेनवाल्याचं गणित आणि ट्रकवाल्याची चॅसी यांची गाठ पडायला अजून वेळ होता.

सूत्राचा दणका बघायचा तर एक हिशेब करू. २०० मिलिमीटर उंच, ७० मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड पोलादाची बंद पेटी घ्या. आता तिची एक बाजू लांबीभर करवतीने चिरा. धातू तोच, वजन जवळपास तेच. वाकण्याला होणारा विरोध फारसा बदलत नाही. पिळाला होणारा विरोध मात्र सुमारे २८५ पटींनी कोसळतो. ट्रकचा रेल पारंपरिकपणे इंग्रजी ‘सी’च्या आकाराचा, म्हणजे एक बाजू उघडीच असलेला असतो. आडव्या तुकड्यांमुळे पूर्ण चॅसी थोडी ताठ होते, पण स्वभाव तोच: भार उचलायचा आणि पीळ बसू द्यायचा. चारही चाकं जमिनीला टेकती ठेवण्यात हा पीळ कमानीपाट्यांना मदतच करतो.

वर बसवलेली खोली याच्या अगदी उलट स्वभावाची. दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच फायबरची पेटी म्हणजे ब्रेटची बंद नळीच, आणि त्याच्या सूत्रात पोकळीच्या क्षेत्रफळाचा वर्ग येतो. त्यामुळे भिंती पातळ असूनही खोली चॅसीच्या मानाने कमालीची ताठ असते. अशी खोली चार कोपऱ्यांत बोल्टने आवळली, तर चॅसीला बसू पाहणारा सगळा पीळ तिच्या अंगावर येतो. पुन्हा तिला दार असतं, खिडक्या असतात. म्हणजे नळी जागोजागी चिरलेली असते. तडे खिडकीच्या कोपऱ्यापासून सुरू होतात ते यामुळे. मालक सीलंटला दोष देतो. बिचारं सीलंट!

यावरचा एक जुना उपाय शेतातून आला. दुसरं महायुद्ध संपल्यावर आल्बर्ट फ्रीडरिश या डाइमलर-बेंझच्या माजी विमान-इंजिनतज्ज्ञाने युनिमॉग ही शेतकामाची गाडी आखली. तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १२७० मिलिमीटर ठेवलं होतं, बटाट्याच्या दोन सऱ्यांचं माप. नांगरटीतून जायचं म्हणजे चॅसीला पीळ बसणारच, हे गृहीत धरून केबिन आणि हौदा चॅसीवर मोकळे टेकवले गेले. १९५५पासून निघालेला युनिमॉग ‘एस’ सैन्यांनी हजारोंनी घेतला. पुढे निवृत्त झालेल्या या गाड्यांवरच्या रेडिओ-पेट्यांत हौशी लोकांनी बिछाने घातले. ऑफ-रोड कॅम्परवाल्यांना खोली तीन टेकूंवर बसवायची सवय लागली ती बरीचशी इथून.

तीन टेकूंचं तर्कशास्त्र आपल्या तीन दगडांच्या चुलीचंच: जमीन कशीही असो, भांडं डुगडुगत नाही. एका टोकाला दोन पक्के टेकू आणि दुसऱ्या टोकाला मध्यावर एक फिरती खीळ. चॅसीला हवा तितका पीळ बसो, खोलीला पत्ताच लागत नाही. याची किंमत मात्र मोजावी लागते. लांबीभर पसरायचा भार तीन ठिकाणी एकवटतो, त्यासाठी खोली आणि चॅसीच्या मधे जड सबफ्रेम, म्हणजे आणखी एक सांगाडा, घालावा लागतो, खोलीची उंची वाढते आणि गाडी कलंडायला सोपी होते.

दुसरी पद्धत मला जास्त शहाणी वाटते. सबफ्रेम रेलवर लांबीभर टेकवायची, एका टोकाला पक्की जखडायची आणि बाकीच्या ठिकाणी बोल्टवर दाबलेल्या स्प्रिंगा द्यायच्या. सपाट रस्त्यावर भार सगळीकडे वाटला जातो. पीळ बसला की रेल खाली सरकतो, स्प्रिंग दबते आणि मग सगळं जागेवर येतं. आपल्याकडचे ट्रक-बॉडी बिल्डर रेल आणि बॉडीच्या मधे लाकडाची पट्टी घालून यू-बोल्ट आवळतात, त्यातही अशा सैलपणाचा थोडा अंश असतो. रेलच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, हा नियमही उगाच नाही. वाकण्याचा ताण तिथेच सर्वाधिक असतो.

पिळाइतकाच मोठा शत्रू म्हणजे मागे लोंबणारं वजन. ऑस्ट्रेलियात चार दारांच्या पिकअपची चॅसी केबिनच्या मागे चक्क वाकल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. टोयोटा हायलक्सच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३०८५ मिलिमीटर. मागच्या अॅक्सलच्या पलीकडे १.२ मीटरवर १०० किलो टांगले, तर मागच्या अॅक्सलवर १३९ किलो येतात आणि पुढचा अॅक्सल ३९ किलोंनी हलका होतो. मग गाडी मागे बसते, म्हणून मालक कमानीपाट्यांवर एअरबॅग, म्हणजे हवा भरलेल्या पिशव्या, चढवतो. पूर्वी पाट्याच्या दोन टोकांतून चॅसीत जाणारा भार आता बराचसा मधल्या एका बिंदूवर येतो. गाडी समतल दिसते, मालक खूश होतो आणि पुढच्या खड्ड्यात रेल वाकतो. या एअरबॅगा ‘जास्त वजन पेलण्यासाठी’ म्हणून खपवणाऱ्यांचा मला राग आहे.

आता वाद चॅसीच्याच जातीवर येऊन ठेपला आहे. टोयोटाने टकोमा पिकअपची चॅसी अनेक वर्षं पुढे बंद आणि मागे उघडी ठेवली. २०२२च्या टुंड्राला मात्र पूर्ण बंद पेटीचे रेल दिले. फोर्डच्या एफ-२५० आणि ३५० पिकअपचे रेल २०१७पासून बंद आहेत, पण बॉडी बांधणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या चॅसी-कॅबचा मागचा भाग उघडाच आहे. म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच घराण्यातल्या दोन गाड्यांना दोन वेगळी उत्तरं लागतात. बंद रेलवर तीन टेकूंचा जडजूड सांगाडा चढवणं बहुतेकदा पैशाची आणि वजनाची उधळपट्टी असते. तिथे रबरी टेकू पुरतात. उघड्या रेलवर मात्र खोली चारही कोपऱ्यांत जखडणं म्हणजे भिंतीला तडा पाडून घेणं. म्हणून कॅम्परवाल्याच्या चकचकीत शोरूममध्ये गेलात तर आतला ओटा नंतर बघा. आधी गाडीखाली वाका आणि रेलच्या आतल्या बाजूला हात लावा. बोटं पोकळीत गेली, तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: ही चॅसी पिळवटेल तेव्हा तुमची खोली कुठे सुटी होते? त्याला उत्तर देता आलं नाही, तर खरेदीचं बोलणं तिथेच थांबवा.