सीबीसी नॉर्मल, म्हणजे निरोगी?

दोन रिपोर्ट समोर ठेवा. दोघांचंही हिमोग्लोबिन 10.5. पहिल्याचा एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, 75 आणि लाल पेशी 4.4 दशलक्ष. दुसऱ्याचा एमसीव्ही 62, पेशी 5.4 दशलक्ष. दोन्हींवर 'लोह कमी' लिहून मोकळे होऊ नका. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागा. पहिला येतो 17, दुसरा 11.5. 13 च्या वर लोहाची कमतरता, खाली थॅलेसेमियाचा वाहक, असा हा मेंट्झर निर्देशांक, 1973 चा. अर्थात तो अंदाजच. फेरिटिन आणि एचपीएलसीशिवाय खात्री नाही.

पण आपल्या गोंदियात खरी गोम वेगळीच आहे. इथे सिकलसेल आहे, आणि त्याच्या वाहकाचा (एएस) सीबीसी बहुतेकदा अगदी नॉर्मल येतो! दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता 25 टक्के.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी नॉर्मल सीबीसीवाले सगळे बिनधास्त कंट्रोल गटात टाकले होते. गाईडने लाल पेनाने समोर एवढंच लिहिलं, 'सोल्युबिलिटी?' ही साधी चाचणी वाहकातही पॉझिटिव्ह येते. एएस की एसएस, ते मग इलेक्ट्रोफोरेसिस सांगतं. सॅम्पलिंगचा आराखडा मला पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.