मुळ्याचा पाला फेकू नका

थंडीत मुळा स्वस्त होतो, पण पाला बाजारातच मोडून टाकण्याची आपली सवय महाग पडते. कंदापेक्षा पाल्यात कॅल्शियम, लोह व कॅरोटीन कितीतरी अधिक असते.

माझ्या दवाखान्यात फिकट चेहऱ्याच्या गृहिणी टॉनिक मागतात. गरज असेल तेथे लोहाच्या गोळ्या देतोच, पण ताटही सुधारायला हवे. पाला स्वच्छ धुवून चिरावा. लसणाच्या फोडणीवर भिजवलेल्या मूगडाळीसह झाकून शिजवावा. उकडून पाणी पिळून टाकू नये, सत्त्व त्यातच जाते. जेवताना वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. कंदाची दह्यातली कोशिंबीर आयत्या वेळी करावी.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी मात्र पालेभाजी एकदम वाढवू वा बंद करू नये. आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.