माहितीसाठ्याची दुसरी प्रत आणि अधिकारांतील फेरबदल

महत्त्वाच्या दप्तराची दुसरी प्रत सुरक्षित ठेवण्याची प्रथा प्रशासनाला नवी नाही. संगणकावरील नोंदींबाबतही हीच खबरदारी घेण्यात येते. मुख्य संगणकावरील माहितीसाठ्यात, म्हणजेच डेटाबेसमध्ये, होणारा प्रत्येक बदल दुसऱ्या संगणकावर आपोआप उतरवून घेण्याच्या पद्धतीस रेप्लिकेशन असे म्हणतात. मुख्य संगणक बंद पडला तरी कामकाज खोळंबू नये आणि माहिती पाहणाऱ्यांचा भार विभागला जावा, हे तिचे प्रमुख हेतू होत.

नोंदवहीची शिस्त

१९९५ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मायएसक्यूएल या प्रणालीचे उदाहरण घेता येईल. तीत मुख्य संगणक प्रत्येक बदल एका नोंदवहीत क्रमाने लिहितो. दुसरा संगणक ती नोंदवही आणवून घेतो व त्याच क्रमाने अंमल करतो. माहिती कोणी पाहावी व कोणी बदलावी, याचे अधिकारही याच साठ्यात असतात. त्यामुळे खाते उघडणे, अधिकार देणे वा काढून घेणे हे आदेशही त्याच नोंदवहीतून दुसऱ्या प्रतीकडे जातात.

अडचण कोठे उद्भवते?

एखाद्या कर्मचाऱ्याची बदली झाली आणि त्याचे खाते कोणी परस्पर दुसऱ्या प्रतीवरूनच काढून टाकले, असे समजू. पुढे तेच खाते मुख्य संगणकावरून रद्द होते. तो आदेश दुसऱ्या प्रतीकडे पोहोचतो, तेव्हा तेथे असे खातेच नसते. अशा वेळी १३९६ क्रमांकाची त्रुटी येऊन अंमलबजावणी थांबते व मागचे सर्व आदेश अडून राहतात. दुसरी प्रत मात्र विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देतच राहते. पण ती जुनी असतात. पाहणाऱ्यास याची कल्पनाही येत नाही.

दुसरा धोका रेप्लिकेशनसाठी राखलेल्या खात्याचा आहे. त्याचा सांकेतिक शब्द बदलला, तरी आधीपासून जोडलेला संपर्क तुटत नाही. पुढे जोडणी खंडित होऊन पुन्हा जोडण्याची वेळ येते, तेव्हा प्रवेश नाकारला जातो. बदल आणि बिघाड यांत अनेक दिवसांचे अंतर पडल्यामुळे कारण शोधणे कठीण होते.

सर्व प्रणालींचे नियम सारखे नसतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१७ साली आलेल्या लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये तक्त्यांतील माहिती जाते. खाती व अधिकार जात नाहीत. ते दोन्हीकडे स्वतंत्रपणे द्यावे लागतात.

उपाययोजना

मायएसक्यूएलमध्ये अधिकारांतील फेरबदल केवळ मुख्य संगणकावरच करावेत. दुसरी प्रत केवळ वाचनासाठी राखावी. २०१५ च्या ५.७ या आवृत्तीपासून व्यवस्थापकालाही तेथे थेट बदल करण्यापासून रोखण्याची सोय आहे. ‘खाते असल्यासच काढावे’ अशी अट आदेशात घालता येते, तिचा उपयोग करावा. अडलेला आदेश कारण न तपासता ओलांडू नये. तसे केल्यास दोन्ही प्रतींत कायमची तफावत राहू शकते. सांकेतिक शब्द बदलल्यास तो दुसऱ्या प्रतीच्या जोडणीतही नोंदवून संपर्क मुद्दाम नव्याने जोडून पाहावा. प्रत्येक फेरबदलानंतर दुसरी प्रत चालू आहे व मागे पडलेली नाही, याची खात्री करून घ्यावी.

कर्मचाऱ्याची बदली झाल्यावर त्याचे अधिकार तत्काळ काढून घेणे हे कर्तव्यच आहे. परंतु तो आदेश दोन्ही प्रतींवर पोहोचल्याचे पाहिल्याखेरीज ते काम पूर्ण झाले असे समजू नये.