विश्लेषण : लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही?

रूमेटॉइड आर्थरायटिससारख्या स्वयंप्रतिकार आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. अशा अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन कमी असते. लोहाच्या गोळ्या, खजूर, पालेभाज्या सगळे सुरू असते, तरी रिपोर्टमधला आकडा हलत नाही. अनेकदा याचे कारण लोहाची कमतरता हे नसते. शरीरात लोह असते, पण अडकून पडलेले असते.

शरीरातील लोह येते कुठून?

नव्या लाल रक्तपेशी तयार करण्यासाठी अस्थिमज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. आहारातून मात्र रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम शोषले जाते. बाकीचे सगळे जुन्या मालातून येते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यानंतर मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्या फोडतात आणि त्यांतील लोह पुन्हा रक्तात सोडतात.

मग ते अडते कुठे?

पेशीतून लोह बाहेर पडण्याचे दार म्हणजे फेरोपोर्टिन हे प्रथिन. यकृतात तयार होणारे हेपसिडिन हे संप्रेरक या प्रथिनाला चिकटले, की पेशी ते आत ओढून नष्ट करते. दारच नाहीसे झाल्याने मॅक्रोफेजमधले लोह आतच राहते आणि आतड्यातून होणारे शोषणही घटते. ही यंत्रणा २००४ मध्ये उलगडली.

शरीर असे का करते?

जंतूंना वाढण्यासाठी लोह लागते. त्यामुळे संसर्ग झाला, की इंटरल्युकिन-६ हा संदेशवाहक यकृताला हेपसिडिन वाढवायला सांगतो. संसर्गात हे काही दिवसांचे काम. स्वयंप्रतिकार आजारात जंतू नसतानाही दाह महिनोन्‌महिने चालतो आणि लोहाची कोंडीही तेवढीच लांबते. त्यातच दाहामुळे अस्थिमज्जेचे कामही मंदावते.

फेरिटिन नॉर्मल म्हणजे सगळे ठीक?

तसे नाही. फेरिटिन साठ्याचा अंदाज देते, पण दाहातही ते वाढते. एरवी ३० नॅनोग्रॅमपेक्षा कमी फेरिटिन लोहाची कमतरता दाखवते. दाह असताना ते १०० पेक्षा कमी आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल, तरी कमतरतेची शंका घेतली जाते. म्हणून या दोन चाचण्या आणि सीआरपी एकत्र पाहाव्या लागतात.

गोळ्या बंद कराव्यात का?

परस्पर नाही. दाह आणि लोहाची खरी कमतरता एकाच वेळी असू शकतात. वेदनाशामक गोळ्यांमुळे पोटात होणारा रक्तस्राव किंवा जास्त मासिक स्राव ही त्याची नेहमीची कारणे. गोळ्या लागू पडत नसतील तर डॉक्टर शिरेतून लोह देण्याचा विचार करतात. मात्र मुख्य उपाय मूळ आजार आटोक्यात आणणे हाच. इंटरल्युकिन-६ चा मार्ग रोखणाऱ्या टोसिलिझुमॅबने सांध्यांच्या सुजेबरोबर हेपसिडिनही घटते आणि हिमोग्लोबिन वाढते, असे आढळले आहे.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना ॲनिमिया आहे. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी दिसले, की लोहाची गोळी हे समीकरण झाले आहे. पण सांधे सकाळी तासभर आखडत असतील, सूज येत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. गोळीचा डोस वाढवण्याआधी लोह कमी आहे की अडकले आहे, हे तपासून घ्यावे.