भाताच्या खाचरातली नळी

पावसाळ्यात भाताच्या खाचरात अनवाणी उतरून चालून पाहा. चिखलातून पाऊल उचलले की भोवती बुडबुडे वर येतात. त्या बुडबुड्यांत बराचसा मिथेन वायू असतो. इटलीतील व्होल्टा (विजेच्या घटामुळे तुम्हाला ठाऊक असलेला तोच) याने १७७६ साली माज्जोरे सरोवराकाठचा चिखल ढवळून असे बुडबुडे गोळा केले होते आणि तो वायू पेटतो हे दाखवले होते. आज आपल्याला त्याची काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. मिथेन वातावरणात उष्णता अडवतो. शंभर वर्षांचा हिशेब केला, तर वजनास वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट प्रभावी ठरतो.

हा मिथेन खाचरात तयार कसा होतो? हवेपेक्षा पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे शेतात पाणी तुंबले की मातीतील सूक्ष्मजीव उरलेला प्राणवायू लवकरच संपवतात. मग काही सूक्ष्मजीव नायट्रेटवर, काही लोहाच्या तांबूस संयुगांवर, तर काही सल्फेटवर आपले काम भागवतात. हा साठाही आटला, की कुजलेल्या मुळांपासून आणि धसकटांपासून मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. प्राणवायू त्यांना मानवत नाही. गंमत अशी की, यातला बहुतेक मिथेन बुडबुड्यांतून येतच नाही. भाताच्या रोपात मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात. त्याच वाटेने तो वर येऊन हवेत मिसळतो.

मग भाताला पाणी तुंबवून ठेवायलाच हवे का? आपली समजूत तशी असते खरी, पण भात ही काही कमळासारखी पाणवनस्पती नव्हे. उभे पाणी तो सोसतो, आणि त्या पाण्याने तण दबते, हा शेतकऱ्याचा मोठा फायदा.

फिलिपाइन्समध्ये लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी सुचवलेले साधन अगदी साधे आहे. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची, भोके पाडलेली प्लास्टिकची किंवा बांबूची नळी घ्यायची, तिचा निम्म्याहून अधिक भाग खाचरात रोवायचा आणि आतली माती काढून टाकायची. आता मातीखालचे पाणी किती खोल गेले ते नळीत डोकावले की दिसते. लावणीनंतर एक-दोन आठवड्यांनी पाणी आपोआप ओसरू द्यायचे. नळीतली पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरली, की पुन्हा सुमारे ५ सेंटिमीटर पाणी भरायचे. वरची माती कोरडी दिसली तरी मुळांना ओल मिळत असते. फुलोऱ्याच्या सुमारास मात्र पाणी उभेच ठेवावे लागते. त्या वेळी ताण बसला तर दाणे पोचट राहतात.

असे केल्याने उत्पन्न न घटता ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते. मिथेन तर अनेक ठिकाणी निम्म्यावर आलेला दिसतो. माती सुकताना तिच्यात हवा शिरते आणि लोहाला पुन्हा जणू गंज चढतो. नंतर पाणी भरले तरी आधी हा नवा साठा संपावा लागतो, म्हणून मिथेन लगेच सुरू होत नाही.

एक पेच मात्र आहे. ओल आणि कोरड यांच्या फेऱ्यात नत्रखतापासून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट प्रभावी आहे. खत बेसुमार टाकले तर कमावलेले काही अंशी हातचे जाते.

फिलिपाइन्समधील बोहोल बेटावर कालव्याच्या तोंडाशी असलेली शेते तुडुंब भरत आणि शेवटच्या शेतांना पाणी पुरत नसे. तेथे २००६ पासून ही पद्धत आखून अमलात आणली गेली. वरच्याने सोडून दिलेले पाणी खालच्याला मिळू लागले. पण ज्याचे पाणी वाचते त्याला स्वतःला काय मिळते? पंप चालवणाऱ्याचे डिझेल वाचते. जेथे पाणीपट्टी एकरावर आकारतात, तेथे कमी पाणी घेणाऱ्याचा एक पैसाही वाचत नाही. ही अडचण नळीने सुटणारी नव्हे.

आणि कोकणातल्या वाचकांच्या मनात एव्हाना शंका आली असेल, की आषाढात पाऊस कोसळत असताना खाचर सुकवायचे कसे? खरेच, तेथे ही युक्ती चालत नाही. पाणी आपल्या हाती असेल तेथेच ती उपयोगी. पण पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर जेथे वायंगण भात करतात, तेथे बांबूची एक नळी रोवून पाहायला हरकत नाही.