पाचारण कसं कळतं? केडगाव आणि अंत्युखियाची गोष्ट

आज जो प्रश्न घेतोय, तो तरुण संघात हमखास निघतो. "देवाचं माझ्यासाठी पाचारण काय आहे?" आणि मग आपण काय करतो? वाट बघतो. स्वप्न पडेल, एखादं वचन अचानक समोर येईल, कोणीतरी पाहुणे पाळक डोक्यावर हात ठेवून सांगतील. बारावी होते, डिग्री होते, वाट बघणं चालूच.

आपल्या डोळ्यांसमोर शौल असतो ना! दिमिष्काची वाट, आकाशातून प्रकाश, झालं काम. पण पुढचं आपण वाचतच नाही. तोच शौल नंतर तार्सास होता. बर्णबा त्याला शोधून अंत्युखियास घेऊन आला आणि दोघांनी वर्षभर मंडळीत शिकवलं. मग दुष्काळ पडला, तेव्हा यहूदीयातल्या बांधवांसाठी जमवलेली मदत या दोघांच्याच हाती पाठवली गेली. म्हणजे चक्क वर्गणी पोचवण्याचं काम! 'मला या कामासाठी वेगळे करून द्या' हा पवित्र आत्म्याचा शब्द येतो प्रेषितांची कृत्ये 13 मध्ये, पाच जण एकत्र सेवा आणि उपास करत असताना. शब्द आला तोही सगळ्यांमध्ये. शौलाला एकट्याला कोपऱ्यात नाही.

आता आपल्या मातीतलं उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या ते डॉक्टर व्हायचं म्हणून. पण ऐकायला कमी येत होतं, त्यामुळे तो रस्ता बंद झाला. (विचार करा, आपल्यापैकी कितीजण इथेच म्हणाले असते, "देवाची इच्छा नाही वाटतं.") वाँटेजच्या ज्या सिस्टर्सकडे त्या राहत होत्या, त्यांनी रमाबाईंना लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रमात काही दिवस राहायला पाठवलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे सिस्टर्स मायेने सांभाळत होत्या. रमाबाईंनी हे आधी कधी पाहिलंच नव्हतं. हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, विधवांच्या शिक्षणासाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. केडगावची जमीन घेतली होती ती शेतीतून संस्थेला उत्पन्न मिळावं म्हणून. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाईंचे स्वतःचे आई-वडील उपासमारीत गेले होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, जागा नाही, म्हणून सगळ्यांना केडगावच्या शेतावर नेलं. मुक्ती मिशन उभं राहिलं ते असं. कुठलाही मोठा प्लॅन आखून नव्हे.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. तिथे आलेल्या मुली फक्त मदत घेत बसल्या नाहीत. कोणी विणकामात, कोणी शेतात, कोणी छापखान्यात. रमाबाईंनी मराठीत भाषांतर केलेलं बायबल तिथल्या छापखान्यात बायकांनीच छापलं. टाइप जुळवता जुळवता एखादीला कळत असेल की अरे, हे आपल्याला जमतं! शेजारचीलाही ते दिसत असेल.

तर मंडळीत सध्या जे काम अडलंय, त्यात घुसा. संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, साउंडच्या वायरी, खुर्च्या मांडणं, काहीही. फक्त एकटे नको, दोघे-तिघे मिळून. तीन-चार महिने टिका. दमल्यावरही कुठल्या कामाकडे पाय वळतात ते बघा. मग बरोबरच्यांना विचारा, "मी काय करताना तुम्हाला उपयोग झाला?" उत्तर कधीकधी टोचतं, सांगून ठेवते. गाण्याची हौस असते आणि लोक म्हणतात, "तू लहान मुलांशी छान बोलतेस गं." दोन-तीन जणांकडून तेच आलं, तर पाळकांशी बोला आणि पुढच्या रविवारी मुलांच्या वर्गात बसून बघा.